मैना आवाज करते

चाळणी सुरू झाली त्या सोमवारी सकाळी सव्वानऊला केदार टोणपेला सुकुमारअण्णा चौगुल्यांचा फोन आला.

"टोणपे, आपल्या जाहिरातीत शब्द किती हुतं?"

"बेचाळीस, अण्णा."

"आता दोन हाईत. बघा उघडून."

केदारनं फोन उघडला. मैना घरघंटीची जाहिरात त्यानंच लिहिलेली होती आणि ती त्याला पाठ होती. आईच्या मायेनं दळलेलं अमृतासारखं पीठ, पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास, आरोग्य आणि समृद्धी आता तुमच्या स्वयंपाकघरात, शेवटी 'आमच्याही घरी मैनाच!' आता त्या जागी पांढरंफटक पान होतं आणि मधोमध दोन शब्द, 'मैना घरघंटी'. शेवटच्या ओळीच्या जागी बारीक अक्षरात खुलासा होता: खरेदीची नोंद आढळली नाही.

ती आढळणार कशी? अकरा वर्षं केदार मैनाची जाहिरात लिहीत होता आणि त्याच्या घरचं दळण कोपऱ्यावरच्या गिरणीत जात होतं.

चाळणी येणार हे वर्षभर सगळे ऐकून होते. त्याआधीची दोन वर्षं मोठ्या कंपन्यांच्या जाहिराती यंत्रंच लिहीत होती. माणसाची नजर फोनवर कुठं थबकते, कुठल्या शब्दाला पापणी हलते हे बघून ती यंत्रं ज्याला त्याला त्याच्या दुखऱ्या जागी नेमकं बोट लावायची. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी एकाच आठवड्यात चालायची चार यंत्रं घेतली आणि त्यांच्या घरात चालायला जागा उरली नाही. अशी प्रकरणं वाढली तेव्हा सरकारनं उतारा म्हणून चाळणी आणली आणि कायद्यानं प्रत्येक फोनमध्ये बसवली.

तिचं काम सोपं होतं. समोर आलेल्या मजकुराचे ती तुकडे करायची. प्रत्येक तुकड्यात काही दावा आहे का ते बघायची, आणि असला तर त्याला पुरावा शोधायची. तपासणीचे अहवाल, दुरुस्तीच्या नोंदी, परत आलेला माल, मोजमापं असं सगळं क्षणात धुंडाळायची. पुरावा मिळाला तर शब्द राहायचा, नाही तर गळायचा. कानात घालायच्या चाळणीचंही तेच. समोरच्याच्या बोलण्यातलं बिनपुराव्याचं तेवढं ऐकू यायचं नाही, त्या जागी श्वास घेतल्याइतकी शांतता. चाळणी कुणाला खोटारडा म्हणत नसे. गाळून मोकळी होत असे. ती बंदही करता यायची, पण कुणी करत नव्हतं. बंद करणं म्हणजे 'या, मला फसवा' असं दारावर लिहिण्यासारखं होतं.

सांगलीतल्या विश्रामबागेत केदारचं एका खोलीचं ऑफिस होतं. मसालेवाले, क्लासवाले, एक मंगल कार्यालय अशी गिऱ्हाइकं होती, ती महिन्याभरात पांगली. अण्णा तेवढे राहिले, कारण माणसं बदलायचा त्यांना कंटाळा होता. पण कुपवाडच्या कारखान्यात बोलावून त्यांनी स्पष्ट सांगितलं.

"दसऱ्याची मागणी आली न्हाई तर एक पाळी बंद करावी लागंल. तीस बाया घरी बसतील. त्यांना काय सांगू, इशेषणं गळाली म्हणून?"

केदार कामाला लागला. आधी त्यानं प्रश्न विचारून पाहिले. 'आईच्या हातची भाकरी आठवते?' हा प्रश्न आहे, दावा नाही, तेव्हा चाळणीनं तो सोडला. उत्साहात त्यानं अठरा प्रश्नांची जाहिरात लिहिली. ती वाचून लोकांना शाळेची परीक्षा आठवली, तरी थोडीफार विक्री झाली. पंधरा दिवसांनी चाळणी सुधारली आणि ज्यांचं उत्तर विचारणाऱ्याला आधीच हवं आहे असे प्रश्न गळायला लागले. मग त्यानं म्हणी वापरल्या. 'दाम करी काम' याच्यापुढं चाळणीनं 'पुरेशी आकडेवारी नाही' असा शेरा मारला.

घरी वेगळीच गंमत झाली होती. केदारची बायको प्रज्ञा भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीदार होती. दिवसभर शेतांच्या हद्दी मोजायच्या आणि भांडणाऱ्या भावांच्या मधे उभं राहायचं. 'ताई, तुमच्यासारखा प्रामाणिक अधिकारी पाहिला नाही' असं दोन्हीकडचे भाऊ म्हणायचे, आणि हद्दीचा दगड दोन हात सरकवा म्हणायचे. तिनं पहिल्याच आठवड्यात कानातली चाळणी घेतली आणि तिला इतकी शांतता मिळाली की ती घरी आल्यावरही चाळणी काढायचं विसरायला लागली.

एका संध्याकाळी ती तासगावची मोजणी करून आली. केदार दारातच म्हणाला, "आज दमलेली दिसतेस, पण चेहऱ्यावर काय तेज आहे! तुझ्यासारखी बाई अख्ख्या जिल्ह्यात शोधून सापडणार नाही."

"हो, दमलेय," प्रज्ञा चपला काढत म्हणाली. "पुढं काय म्हणालास? तुझे ओठ बराच वेळ हलत होते."

वीस वर्षांच्या संसारात आपण हिच्याशी जे बोललो त्यातलं चाळणीतून किती उतरलं असतं, याचा केदारनं मनाशी हिशेब केला. दूध आलंय, गॅस संपलाय, तुझा फोन वाजतोय. बाकी सगळं गळालं असतं. प्रज्ञाला याचं काही वाईट वाटत असेल असं दिसत नव्हतं, आणि हेच त्याला जास्त लागलं.

एप्रिलच्या शेवटी त्याच्या डोक्यातलं सगळं संपलं आणि तो कारखान्यात जाऊन बसला. अकरा वर्षांत तो अण्णांच्या केबिनच्या पलीकडं गेला नव्हता. आता पहिल्यांदाच त्यानं घरघंटी चालताना पाहिली. पाहिली म्हणजे आधी ऐकली. तपासणीच्या खोलीत रुक्साना मुजावर तयार झालेली प्रत्येक घरघंटी किलोभर गहू घालून चालवून बघत होती. तक्रारींचं टेबलही तिच्याकडंच होतं. केदारनं दारातून नमस्कार केला. तिनं हातानं खूण केली की उजवीकडून या.

"डाव्या कानानं कमी ऐकू येतं, सर," यंत्र बंद करून ती म्हणाली. "नऊ वर्षं झाली या खोलीत. कापूस घालते, पण कापूस किती करणार?"

"मुजावरताई, या यंत्राबद्दल खरं काय आहे ते सांगा."

"खरं?" ती हसली. "खरं विचारायला आजवर कुणी आलं नव्हतं. बसा."

तिनं तक्रारींच्या वह्या काढल्या. केदार तीन दिवस त्या वाचत बसला आणि चौथ्या दिवशी त्यानं जाहिरात लिहिली.

'मैना घरघंटी आवाज करते. मिक्सरपेक्षा जास्त. चालू असताना फोन ऐकू येत नाही आणि झोपलेलं बाळ उठतं. शेंगदाणे घालू नका, अडकते. पहिलं किलोभर पीठ खाऊ नका. एक किलो गहू अकरा मिनिटांत दळते. अकरा वर्षांत शंभरातल्या चार दुरुस्तीला आल्या. त्यातल्या तिघींत शेंगदाणे होते.'

त्यानं ती चाळणीत टाकली. एकही शब्द गळला नाही.

अण्णांनी ती दोनदा वाचली. "टोणपे, ही विकायला लिवलीय का बंद पाडायला?"

"अण्णा, आजच्या घडीला अख्ख्या बाजारात एवढी लांब जाहिरात कुणाचीच नाही."

हा मुद्दा अण्णांना पटला. बाकी सगळ्यांची पांढरी पानं, आणि मधे मैनाचं एकटं भरलेलं पान. मे महिन्यात शंभर घरघंट्या जास्त गेल्या, जूनमध्ये चारशे. केदारचं नाव झालं. मंगल कार्यालयवाले परत आले, त्यांना त्यानं लिहून दिलं, 'पार्किंग नाही. दुसऱ्या पंगतीला पंखे कमी पडतात.' कार्यालय दिवाळीनंतरच्या सगळ्या मुहूर्तांना भरलं. बघता बघता दोष सांगायची लाटच आली. लोणचेवाल्यानं लिहिलं, 'खारट आहे, आम्हालाही माहीत आहे.' गादीवाल्यानं लिहिलं, 'उन्हाळ्यात पाठ तापते.' लग्नाच्या स्थळांच्या माहितीत 'मुलगा घोरतो' हे शिक्षणाच्या आधी यायला लागलं. मैनाच्या एका प्रतिस्पर्ध्यानं तर आपल्या घरघंटीत मुद्दाम एक सैल पत्रा बसवला आणि जाहिरात दिली, 'आमची मैनापेक्षा जास्त वाजते.' चाळणीनं आवाज मोजला आणि वाक्य सोडलं.

याच सुमारास केदारनं स्वतःच्या घरी मैना आणली. आणल्याच्या पहिल्या रविवारी प्रज्ञानं ज्वारी दळायला घेतली. केदार शेजारी उभा राहून जाळी कशी बदलायची ते दाखवत होता आणि सवयीनं बडबडत होता. प्रज्ञानं एकदम वळून त्याच्याकडं पाहिलं. तिचे कान लाल झाले होते.

"काय झालं?" तो ओरडला.

"काही नाही," ती ओरडली. "तू बोल."

त्यानंतर ती रोज दळायला लागली. ज्वारी झाली, गहू झाले, तांदूळ झाले, आंबोळीचं झालं, थालीपिठाची भाजणी झाली. डबे भरले, मग पातेली भरली, मग शेजारच्या आरगेकाकूंकडं पीठ जायला लागलं, आणि शेवटी आरगेकाकूही 'आता पुरे' म्हणाल्या. प्रज्ञाची एकच अट असायची, दळताना केदारनं शेजारी थांबायचं. कशाला ते त्याला कळेना. यंत्राची भीती वाटत असेल, असं त्यानं ठरवलं.

ऑगस्टमध्ये रुक्सानानं अण्णांना आणि केदारला तपासणीच्या खोलीत बोलावलं. दोन वर्षं ती मोटरखाली रबर मागत होती आणि अण्णा 'बघू' म्हणत होते. शेवटी तिनं टाकाऊ टायरच्या रबराची बैठक स्वतःच कापली होती आणि दळायच्या पेटीला आतून जाड फेल्टचं अस्तर लावलं होतं.

"चालू करा की," केदार म्हणाला.

"चालू आहे, सर."

केदारनं हात ठेवून पाहिलं. पेटी थरथरत होती, खाली पीठ पडत होतं. कुणीतरी शेजारच्या खोलीत झाडू मारावा एवढाच आवाज.

अण्णांचा चेहरा उतरला. "मुजावर, हे काढा."

"का, अण्णा?"

"जाहिरातीची पहिली ओळ काय हाय? 'मैना आवाज करते.' ती गळाली तर बाकीचं कोण वाचतंय? दसरा दीड महिन्यावर आलाय."

रुक्सानाचा आवाज चढला नाही. "अण्णा, तुमच्या ओळीसाठी माझा उजवा कानपण द्यायचा का?"

अण्णा केदारकडं वळले. "सांगा, टोणपे. ओळ तुमची हाय."

केदारला आठवडाभरात तीन ठिकाणी भाषणाला बोलावलं होतं, विषय होता 'दोषांची ताकद'. ती ओळ त्याच्या आयुष्यातली सगळ्यात गाजलेली ओळ होती. त्यानं त्या थरथरत्या पेटीवर पुन्हा हात ठेवला. मग त्यानं खिशातून जाहिरातीचा कागद काढला आणि पहिल्या ओळीवर काट मारली.

"अण्णा, यंत्र सुधारलंय. मी ओळीसाठी ते बिघडवायला सांगणार नाही."

"आणि धंदा बसला तर?"

"तर माझं नाव सांगा. पाळी बंद करायच्या दिवशी मी बायांसमोर उभा राहीन."

अण्णांनी दोघांना बाहेर काढलं, जुन्या पद्धतीच्या चार घरघंट्या एकदम चालू केल्या आणि कापूस न घालता दार लावून दहा मिनिटं आत थांबले. बाहेर आले तेव्हा केदारनं काहीतरी विचारलं.

"आँ?" अण्णा म्हणाले.

रुक्सानानंही काहीतरी विचारलं.

"आँ?" अण्णा पुन्हा म्हणाले. मग कानात बोट घालून हलवलं आणि गरजेपेक्षा फार मोठ्यानं ओरडले, "बसवा! सगळ्या यंत्रांना बसवा! विकलेल्यांनापण घरी जाऊन बसवा!"

केदारच्या घरी पहिल्याच दिवशी मिस्त्री येऊन गेला. प्रज्ञानं शांत झालेली मैना पाहिली, "बरं झालं" म्हणाली आणि आठ दिवस दळणाला हात लावला नाही. डबे तर भरलेलेच होते, म्हणून केदारला आधी काही वाटलं नाही. पण ती जेवताना बोलेना, आणि तो बोलला की खिडकीबाहेर बघायची. विचारलं तर म्हणायची, "काही नाही, काम फार आहे." केदारच्या कानात चाळणी असती तर त्याला या वाक्यातलं किती ऐकू आलं असतं कुणास ठाऊक.

इकडं विक्री निम्म्यावर आली. नव्या जाहिरातीतलं वाक्य न्‌ वाक्य चाळणीतून उतरत होतं, तरीही. अण्णा तोंडानं काही म्हणत नव्हते, पण दुसऱ्या पाळीच्या हजेरीपटावरून रोज बोट फिरवत होते. केदार कारखान्यातच ठाण मांडून बसला. एका दुपारी रुक्साना टेबलावर नव्हती म्हणून तक्रारीचा फोन त्यानंच उचलला. जयसिंगपूरहून मालन खोत नावाच्या बाई बोलत होत्या.

"तुमचा माणूस काल आमची मैना मुकी करून गेला. परत बोलती करा."

"बाई, आवाज कमी झाला हे चांगलंच नाही का?"

"कुणासाठी?" मालनबाई म्हणाल्या. "असं बघा, आमचे हे रिटायर झालेत. माझ्या कानात चाळणी, त्यांच्या कानात चाळणी. दिवसभर घरात पाणी आलं आणि वीज गेली, एवढंच ऐकू येतं. घरघंटी लावली की मात्र ते बोलतात. म्हणजे बोलत आधीपण असतील, पण मला तेव्हाच ऐकू येतं. परवा म्हणाले, मालन, तू होतीस म्हणून निभावलं."

"मग कानातली चाळणीच काढून ठेवा ना."

"आणि त्यांना काय सांगू?" मालनबाई चिडल्या. "माझी खोटी तारीफ करा, मी ऐकते म्हणून? या वयात? दळण लावलं की कुणाला काही सांगावं लागत नाही."

केदारनं फोन ठेवला तेव्हा रुक्साना दारात उभी होती.

"हे कसं काय?" त्यानं विचारलं.

"शब्द ओळखला तरच चाळणी गाळणार ना, सर? एवढ्या गोंगाटात तिला शब्दच कळत नाहीत. आणि कळलं नाही तर जसंच्या तसं सोडायचं असा नियम आहे तिचा. कुणी 'सरका, गाडी आली' ओरडलं आणि तेच गळालं तर माणूस जायचा. माणसाच्या कानाला मात्र गोंगाटातलं बरोबर समजतं." ती जरा लाजून हसली. "आमच्या तपासणीच्या खोलीतल्या बायांना हे कधीचं माहीत आहे. तिथं आम्ही एकमेकींना सिनेमातल्या नट्या म्हणतो."

"मला सांगितलं नाहीत ते?"

"तुम्ही यंत्राबद्दल विचारलं होतं."

केदार खुर्चीत बसला. त्याला घरातली पिठाची पातेली दिसायला लागली. दोन महिने रोज दळण. दोन महिने आपण तिथं उभं राहून काय काय बोललो ते तो आठवायला लागला आणि त्याचेही कान लाल झाले. काही भाग फारच बेताचा होता. शेजारच्या आरगेकाकूंना तो ऐकू गेला असेल का, याचाही त्यानं विचार केला.

"ताई," तो म्हणाला, "तुमचा कान वाचला पाहिजे आणि मालनबाईंचं घरही. काही होईल?"

रुक्सानानं पेटीचं झाकण उघडलं, आतल्या फेल्टवरून हात फिरवला. "अस्तराला सरकती झडप करता येईल. बाहेरून एक बटण. शून्याला सगळं बंद, आम्ही तपासणार ते शून्यावर. पाचाला पूर्वीसारखा आवाज."

आठ दिवसांत ते बटण तयार झालं. केदारनं लिहिलं, 'मैना घरघंटी आवाज करत नाही. हवा असेल तर करते.' त्याखाली शेंगदाण्यांचं सगळं तसंच ठेवलं. लोक आवाज कशासाठी घेतात याबद्दल त्यानं एक अक्षर लिहिलं नाही. लिहिलं असतं तर चाळणीनं सोडलं असतं, पण मग मालनबाईंना दळण लावताना लाज वाटली असती. दसऱ्याला कारखान्यात दोन्ही पाळ्यांच्या बायांनी यंत्रांची पूजा केली. अण्णांनी मागणीचा आकडा सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवला आणि दहा मिनिटांनी विसरल्यासारखं करून परत वाचला.

त्याच संध्याकाळी केदार बटण आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन घरी गेला आणि प्रज्ञा यायच्या आत त्यानं स्वतःच्या हातानं ते बसवलं. एक स्क्रू तिरका गेला. प्रज्ञा नात्यातल्या लोकांना सोनं देऊन आली, साडीचा पदर खोचून स्वयंपाकघरात शिरली आणि थांबली.

"हे काय?"

"आवाजाचं बटण. शून्य ते पाच."

तिनं ते बटण नीट पाहिलं, तिरका स्क्रूही पाहिला. "आज दळण नाहीये."

"नाहीये," केदार म्हणाला.

तिनं तोंड धुतलं. चहा केला. दोन कप ओट्यावर ठेवले. मग घरघंटीत काहीही न घालता तिनं ती चालू केली, बटण तीनवर नेलं आणि समोरच्या स्टुलावर बसून त्याच्याकडं पाहिलं.

"हं," ती ओरडली.

केदारनं तोंड उघडलं आणि काही सुचेना. पाच महिने पुराव्यानिशी लिहून जिभेला वळणच तसं पडलं होतं.

"तू सकाळी पावणेसातला उठतेस!" तो ओरडला.

"हे मला एरवीही ऐकू आलं असतं!"

"तुझी मोजणी गेल्या चार वर्षांत एकदाही चुकली नाही!"

"केदार!"

चहावर साय धरली. मग त्यानं स्टूल ओढून तिच्या जवळ घेतलं आणि बोलायला सुरुवात केली. पहिलं वाक्य अडखळलं, दुसरं बरं गेलं. तिसऱ्या वाक्याला प्रज्ञानं त्याच्यावरची नजर न काढता हात लांब केला आणि बटण पाचवर नेलं.